दुसऱ्या टाकीत पेट्रोल होतं! जुनं चेरोकी विमान उडवताना या चुका टाळा

इंजिन हवेतच बंद पडतं, वैमानिक कसंबसं शेतात उतरतो आणि तपासाला आलेल्यांना एका पंखात अर्धी टाकी पेट्रोल सापडतं. वाचून हसू येईल, पण हे वरचेवर घडतं. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेतल्या एनटीएसबी या संस्थेच्या आकड्यांनुसार २०११ ते २०१५ या काळात इंधन सांभाळण्यातल्या गफलतींमुळे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात झाले. त्यातल्या ३५ टक्के अपघातांत पेट्रोल संपलेलं नव्हतं, ते इंजिनापर्यंत पोचत नव्हतं.

आपल्याकडची बरीच मुलं सेस्ना १७२ या छोट्या विमानावर उडवायला शिकतात. तिथे पंख डोक्यावर, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं आणि सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा खटका, ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) ठेवला की विषय संपला. मग अमेरिकेत उड्डाणाचे तास भरायला गेल्यावर भाड्याने साठ-सत्तरच्या दशकातलं पायपर चेरोकी मिळतं. त्याचे पंख खाली असतात आणि पेट्रोल पंपाने ओढावं लागतं. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक रिकामी झाली, तर पंप तिकडून नुसती हवा ओढेल. म्हणून ‘बोथ’ नाहीच. डावी, उजवी किंवा बंद. हा सिलेक्टर वैमानिकाच्या डाव्या गुडघ्यापाशी, बाजूच्या भिंतीवर असतो. सहज नजर जाईल अशी ती जागा नव्हे.

सगळ्यात घातक चूक म्हणजे रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) झाल्यावर, धावपट्टीवर जाता जाता टाकी बदलणं. नव्या टाकीच्या वाटेत पाणी किंवा अडथळा असेल, किंवा सिलेक्टर दोन खुणांच्या मध्येच अडकला असेल, तरी नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात) उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ छान चालतं. तो थोडा वेळ संपतो नेमका विमान जमिनीवरून उचलल्यावर, जेव्हा समोर धावपट्टी उरलेली नसते. एका टाकीवर इंजिन सुरू करा, टॅक्सी करा (विमान जमिनीवर चालवत न्या), रन-अपच्या आधी दुसरीवर जा आणि त्याच टाकीवर उड्डाण करा. मधे हात लावायचा नाही.

हवेत टाकी बदलतानाही घाई नको. आधी इलेक्ट्रिक पंप चालू, मग सिलेक्टर डोळ्यांनी बघून फिरवायचा, खटका बसल्याचं बोटांना जाणवलं पाहिजे. इंधनदाबाचा काटा बघा, पंप बंद करा, पुन्हा काटा बघा. आणि हे सगळं उंचीवर, शक्यतो एखादा विमानतळ आवाक्यात असताना. ‘अर्धा तास झाला, बदल’ एवढाच नियम पाळणारे नेमके डोंगरावर असताना बदलतात.

गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या खाडीत कोसळले. त्यांचं विमान वेगळं, घरी बांधलेलं लाँग-ईझी. पण सिलेक्टर मूळ आराखड्यातली जागा सोडून डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. तिथे पोचायला अंग वळवलं की उजवा पाय आपसूक रडरच्या (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूच्या) पायपट्टीवर दाबला जाई. उंची फारच कमी होती. अनोळखी विमान घेताना जमिनीवरच एकदा पट्टे बांधून, खांदे न हलवता सिलेक्टर फिरवून बघा.

गेजवर विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांच्या विमानाचा काटा म्हणजे फार तर अंदाज. टाकीत त्या विमानाचीच मोजपट्टी घाला. शेजारच्या विमानाची चालत नाही. विमान उतारावर उभं असेल तर तेही धरा. १५० अश्वशक्तीच्या चेरोकीत दोन्हीकडे मिळून ५० गॅलन, म्हणजे एका बाजूला साधारण ९५ लिटर. इंजिन तासाला ३० लिटरच्या आसपास पितं, तेही मिक्स्चर (पेट्रोल-हवेचं मिश्रण) नीट पातळ केलं, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी केलं तर. पूर्ण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवून उडालात तर हा हिशेब कोलमडतो. गुडघ्यावरच्या कागदावर डावी-उजवी असे दोन रकाने पाडा आणि प्रत्येक बदलाची वेळ लिहा. मोबाइलचा गजर टाकी बदलायची आठवण करतो, कुठल्या टाकीत किती उरलं ते सांगत नाही.

ड्रेन करताना, म्हणजे पाणी आहे का ते बघायला थोडं पेट्रोल बाटलीत काढताना, एकच टाकी तपासून पुढे जाणारेही कमी नाहीत. दोन्ही टाक्या आणि पुढचा स्ट्रेनर (पेट्रोलची गाळणी), आणि स्ट्रेनर तर सिलेक्टर दोन्ही टाक्यांवर आळीपाळीने ठेवून. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, पाणी तळाशी बसतं. पण अख्खी बाटलीच पाण्याची असेल तर रेघ दिसणार कुठून? म्हणून बाटली पांढऱ्या भिंतीसमोर धरा आणि वासही घ्या. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

एवढं करूनही इंजिन खोकललं, तर नाक खाली घेऊन ग्लाइडचा वेग धरा. मग दुसरी टाकी, पंप चालू, मिक्स्चर रिच, कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणं). इथे बरेच जण तीन सेकंदांत घाबरून सिलेक्टर परत फिरवतात. रिकामी नळी भरायला दहा सेकंदही लागू शकतात. इंजिन पुन्हा पकडलं तरी ठरलेल्या गावाला जायचा हट्ट नको. जवळच्या विमानतळावर उतरा आणि काहीही भरण्याआधी दोन्ही टाक्यांत मोजपट्टी घालून बघा.