चोलुलाचा इतिहास मुलांना मातीतून असा शिकवा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी शेजारची मुलं येतात. त्यांना मेक्सिकोतलं चोलुला शहर आणि तिथला प्रचंड पिरॅमिड शिकवताना मी सनावळी लिहून देत नाही. परात आणि ओला शाडू घेते.

आधी मधोमध लहान चौथरा थापा. हे इसवी सनापूर्वीचं पहिलं देऊळ. ते मोडायचं नाही, त्याच्यावरच मोठा थर चढवायचा, मग आणखी मोठा. तिथल्या लोकांनी कच्च्या विटांनी शतकानुशतकं असंच केलं, म्हणून पायाची एकेक बाजू सुमारे ४०० मीटर झाली. प्रत्येक थरात वेगळा रंग कालवाच. पुढे वापर थांबला, गवत माजलं: वर बारीक चिरलेली कोथिंबीर पसरा.

१५१९ ला घाई करू नका. स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या सैनिकांनी आणि शेजारच्या त्लाश्काला राज्यातल्या त्यांच्या साथीदारांनी या शहरात हजारो माणसं मारली. एवढं सांगून मी थोडा वेळ गप्प बसते. मुलांना ते कळतं.

मग माथ्यावर कागदाचं चर्च ठेवा. स्पॅनिशांनी तिथे खरंच बांधलं.

शेवटी दोऱ्याने ढीग उभा कापा. १९३१ पासून संशोधकांनी आत बोगदे खणले, तेव्हा त्यांना असेच थर दिसले.