ठाणे-नवी मुंबई सोडून परराज्यात जावे का? ठरवायचे कसे, पायरीपायरीने

ऑफर लेटर हातात पडले की घरात पहिला प्रश्न येतो, "पगार किती वाढतोय?" हा प्रश्न खरे तर तिसऱ्या क्रमांकाचा. त्याआधीचे दोन प्रश्न सुटले नाहीत तर पगाराची बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कशाची?

नवरा-बायकोने वेगवेगळ्या कागदांवर लिहावे, एकमेकांचे न बघता. "इथे फार धकाधक आहे" ही तक्रार धरू नका. "कासारवडवलीहून आठला निघालो तरी माजिवडा नाका गाठायला पाऊण तास जातो" ही तक्रार धरा. प्रत्येक तक्रारीत जागा, वेळ आणि शक्य तर रक्कम हवी.

मग प्रत्येकीपुढे लिहा की ही तक्रार घर बदलून जाईल, नोकरी बदलून जाईल, की राज्य बदलल्याशिवाय जाणारच नाही. प्रवासाच्या बहुतेक तक्रारी पहिल्या दोन खान्यांत जातात. ऑफिस ऐरोली-महापे पट्ट्यात असेल आणि घर घोडबंदर रोडच्या टोकाला, तर त्यावरचा इलाज बंगळूर नाही. तो ऐरोली, रबाळे, कोपरखैरणे किंवा ट्रान्स-हार्बर मार्गावरचे कुठलेही स्टेशन असू शकतो. घोडबंदरच्या टँकरला कंटाळला असाल तर नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे, हे आधी बघा.

आणि ज्या शहरात चाललात तिथे तीच तक्रार वाट बघत नाही ना, तेही बघा. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. शहराच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या कित्येक सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात. २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त हाल तिथेच झाले आणि आयटी कंपन्यांची ऑफिसेही बरीचशी तिकडेच आहेत.

तिसऱ्या खान्यात काय उरते? तुमचा उद्योगच तिकडे असणे, जोडीदाराची पक्की नोकरी तिकडे असणे, आईवडील किंवा भावंडे तिकडे असणे. यांपैकी काहीच नसेल आणि खाना रिकामा राहिला, तर पुढे वाचायची घाई नाही.

दुसरी पायरी: मुलांची इयत्ता आणि घरातले म्हातारे

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण परिणाम पाच-सहा वर्षांनी दिसतात.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा त्या-त्या राज्याच्या कोट्यात असतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवास लागतो आणि दहावी-बारावी इथूनच झालेली असावी लागते. कर्नाटकात सर्वसाधारण पालकांच्या मुलांसाठी मुख्य नियम असा की पहिली ते बारावीदरम्यान किमान सात वर्षे तिथल्या शाळा-कॉलेजांत गेलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी तिथून उत्तीर्ण असावी. तेलंगणात वैद्यकीयला बारावीपर्यंतची सलग चार वर्षे मोजतात.

आता हिशेब करा. कर्नाटकात सहावीला प्रवेश घेतला तर सहावी ते बारावी बरोबर सात वर्षे भरतात. सातवीत नेले तर सहाच. दहावी तिकडे झाली म्हणून महाराष्ट्राचा वैद्यकीय कोटा गेला आणि सात वर्षे भरली नाहीत म्हणून कर्नाटकाचाही मिळाला नाही. मूल धड ना इकडचे, धड ना तिकडचे. म्हणून पाचवीपर्यंत खुशाल जा. सहावी ही बंगळूरसाठी शेवटची गाडी समजा. त्यापुढच्या वर्गात असलेल्या आणि डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या मुलाला बारावीपर्यंत हलवू नका, हे आमचे स्पष्ट मत आहे. हे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षाची प्रवेश-माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजाऱ्याच्या मुलाला चालले म्हणून तुमच्या मुलाला चालेल असे नाही.

शाळेची भाषा विचारून घ्या. कर्नाटकात कन्नड आणि तेलंगणात तेलुगू शाळेत शिकावीच लागते. दुसरी-तिसरीतले मूल वर्षभरात पकडते, आठवीतल्याला शिकवणी लावावी लागते. शाळा सोडल्याचा दाखला परराज्यात चालावा म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती मेच्या सुट्टीआधी घ्या.

राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रातला जातीचा दाखला परराज्यात नेला तरी त्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ स्थलांतरितांना मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून हीच भूमिका घेतली आहे. मुलांची जात पडताळणी आणि अधिवास दाखला इथे असतानाच काढून ठेवा. अधिवासासाठी राज्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. एकदा घर आवरून गेल्यावर तलाठी आणि सेतू केंद्राच्या खेपा परवडत नाहीत.

आईवडील सोबत येणार असतील तर त्यांना विचारा, आणि "तुम्ही ठरवाल तसं" हे उत्तर धरू नका. सकाळचा कट्टा, ओळखीचा डॉक्टर, मराठीत बोलणारा औषधवाला या त्यांच्या रोजच्या गरजा आहेत. या बाबतीत इंदूर आणि बडोदा वेगळी. होळकर आणि गायकवाडांच्या काळापासून तिथे मराठी वस्ती आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला जिभेवर कुलूप घालून बसावे लागत नाही. चेन्नईत ते सुख नाही.

तिसरी पायरी: आता पैसे

ढोबळ "तिकडे स्वस्त, इकडे महाग" बाजूला ठेवा. महिन्याला हातात उरते काय, एवढेच बघा. नमुन्यादाखल एक हिशेब मांडतो. आकडे कल्पित आहेत, तिथे तुमचे घाला.

मानपाड्याला कर्जावरचे स्वतःचे दोन बेडरूमचे घर, हातात पगार १,१०,०००. हप्ता ४२,०००, सोसायटीचे ५,०००, प्रवास ३,५००. मूल आजीकडे राहते, म्हणून पाळणाघराचा खर्च नाही. बाकी संसाराला उरतात ५९,५००.

बंगळूरला हातात १,४०,०००, म्हणजे ३०,००० जास्त. तिथले भाडे ३८,०००. इकडचा हप्ता ४२,००० चालूच. इकडची सोसायटी आता ५,३००, कारण भाडेकरू ठेवला की बिनभोगवटा शुल्क लागते. प्रवास ५,०००, पाळणाघर १०,०००. घरी येण्याजाण्याचे वर्षाला ६०,००० धरले तर महिन्याला ५,०००. एकूण जावक १,०५,३००. मानपाड्याच्या घराचे भाडे २८,०००, पण वर्षातून एक महिना घर रिकामे राहतेच, म्हणून सरासरी २५,६६७ धरा. जमा १,६५,६६७ मधून जावक वजा केली की उरतात ६०,३६७.

तीस हजारांच्या वाढीतले पुरते नऊशेही हातात राहिले नाहीत. याउलट तुम्ही इथे भाड्यानेच राहत असाल आणि दोघांनाही तिकडे नोकरी असेल तर हाच हिशेब एकदम पालटतो. म्हणून मित्राच्या अनुभवावर जाऊ नका, त्याच्या हप्त्याचे ओझे वेगळे आहे.

एकदाच लागणारे पैसे वेगळ्या पानावर लिहा: बंगळूरला घरमालक सहा ते दहा महिन्यांचे भाडे अनामत मागतात, ठाण्यापेक्षा बरीच जास्त. वर दलाली, पॅकर्स-मूव्हर्स, शाळेचा नवा प्रवेश. आणि सध्याच्या कंपनीत साडेचार वर्षे झाली असतील तर थांबा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षे लागतात. दोन-चार महिन्यांसाठी ती रक्कम सोडून जाणारे कमी नाहीत.

येण्याजाण्याचा खर्च लोक हमखास कमी धरतात. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते आणि गणपतीची तिकिटे काही मिनिटांत संपतात. मग विमान, तेही सणाच्या भावाने. चार माणसांचे गुणून बघा.

चौथी पायरी: पंधरा दिवस राहून बघा, वाईट ऋतूत

डिसेंबरात गोवा कुणालाही आवडतो. गोव्याला जुलैत जा, हैदराबादला मेमध्ये, गुरुग्रामला नोव्हेंबरात. हॉटेलात उतरू नका. ज्या भागात घर घ्यायचा विचार आहे तिथे खोली घ्या आणि ऑफिसच्या वेळेला ऑफिसपर्यंत जाऊन या, निदान चार दिवस. एक दिवस पावसाचा मिळाला तर उत्तम.

इमारतीत गेलात की घरमालकाला नव्हे, वॉचमनला विचारा: उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात, लाईट गेल्यावर जनरेटरवर लिफ्ट चालते का, मागचा भाडेकरू किती महिने राहिला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "चार महिने" असेल तर कारण शोधा. भाजी आणा, दूधवाला शोधा, रात्री दहा वाजता उघडा असलेला बालरोगतज्ज्ञ किती लांब आहे ते बघा. जोडीदाराशिवाय ही फेरी करू नका. एकट्याने जाऊन "छान आहे" म्हणणारा माणूस दिवसभर ऑफिसात असतो, घर दुसऱ्याला सांभाळायचे असते.

पाचवी पायरी: परतीची वाट ठेवूनच निघा

पहिले वर्ष इथले घर विकू नका, भाड्याने द्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. काही कमिट्या मनमानी आकडा लावतात, तेव्हा बिलातली ओळ तपासा.

परत यायचे कधी, हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, नोकरी गेली आणि तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर, किंवा दहाव्या महिन्यात मूल शाळेत जायला रडतच असेल तर. करार अकरा महिन्यांचा असल्याने त्याच सुमारास घरही मोकळे होते.

शेवटची पायरी: कागद आणि गाडी

महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर जोडणी बंद करून अनामत परत मागा. सिलिंडर असेल तर ट्रान्सफर व्हाउचर घ्या. रेशनचे धान्य देशात कुठल्याही रेशन दुकानात मिळते, कार्ड बदलायची घाई नको. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक) तोच राहतो. मतदार यादीतले नाव हलवायला फॉर्म ८ भरा. फॉर्म ६ नवमतदाराचा आहे, तो भरलात तर दोन्हीकडे नाव राहून डोक्याला ताप होतो.

गाडीचे काम किचकट. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. एमएच-०४ किंवा एमएच-४३ ची गाडी असेल तर आधी थकलेली ई-चलने भरा, कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र घ्या, मग इथल्या आरटीओत फॉर्म २८ वर ना-हरकत मागा. तिकडे गाडीच्या वयानुसार रोड टॅक्स भरून फॉर्म २७ ने नवा नंबर घ्यायचा आणि त्याची पावती लावून इथल्या उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा परतावा मागायचा. म्हणजे परतावा येईपर्यंत दोन्ही राज्यांत तुमचे पैसे अडकलेले असतात. कर्नाटकातला टॅक्स आपल्यापेक्षा चढा आहे. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर ती इथेच विकून तिकडे दुसरी घेणे बहुधा स्वस्त पडते. कंपनीच्या कचेऱ्या चार किंवा जास्त राज्यांत असतील तर नव्या गाडीला बीएच मालिकेचा नंबर मिळू शकतो. त्यात टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरतात आणि पुढच्या बदलीला नंबर बदलावा लागत नाही.