चित्रकोडे घालताना दुसरे उत्तर आधी बंद करा

चार-पाच चित्रे द्यायची आणि विचारायचे, यांना जोडणारा धागा कोणता? क्विझवाले याला ‘कनेक्ट’ म्हणतात. ग्रुपवर अशी कोडी घालायला लागल्यापासून मला एकच सल्ला सारखा ऐकू येतो, ‘अवघड चित्रे शोधा.’ हा सल्ला चुकीचा आहे. अवघड चित्रे कोणालाही सापडतात. कोडे बिघडते ते त्याला दोन उत्तरे निघतात म्हणून.

सुरुवात उत्तरापासून करा. आधी धागा ठरवा, मग चित्रे. आवडलेली चित्रे जमवून मागाहून धागा ओढून काढला की तो ओढलेलाच दिसतो.

चित्रे विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या साइटवरून घ्या आणि ओळखीची खूण फ्रेममध्ये आहे ना, हे बघा. हरियालाचे पिवळे पाय कापलेत तर ते कुठलेही हिरवे कबूतर होते.

आता खरी अडचण. मी एकदा महाराष्ट्राच्या राज्यचिन्हांवर कोडे घातले होते. आंब्याचे झाड, ताम्हणाचे फूल, हरियाल आणि शेकरू. राज्यवृक्ष, राज्यफूल, राज्यपक्षी, राज्यप्राणी. मला वाटले, कोडे चोख आहे. तासाभरात तिघांचे उत्तर आले, ‘पश्चिम घाटात आढळणारे’. मी ते चूक ठरवले आणि ग्रुपवर वाद पेटला. वाद घालणारे बरोबर होते. चारही गोष्टी पश्चिम घाटात आढळतात. त्यांचे उत्तर खरे होते, फक्त माझ्या मनातले नव्हते. मनातले उत्तर ओळखायला लावणे म्हणजे कोडे नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी पाचवे चित्र घातले, पापलेट. तो 2023 पासून राज्यमासा आहे आणि समुद्रात राहतो, म्हणजे पश्चिम घाटाचा रस्ता बंद. कोडे टाकण्याआधी भाचीला दाखवले. ती लगेच म्हणाली, ‘कोकण!’ आंबा, शेकरू, पापलेट. तिचेही चूक म्हणता येईना. एक दार लावताना दुसरे उघडते, ते असे. हरियालाच्या जागी राज्यफुलपाखरू ब्लू मॉरमॉन घालून पाहिले, तेही कोकणात उडतेच. चित्रे बदलून हा पेच सुटेना.

सुटला तो एका ओळीने. ब्लू मॉरमॉनच्या चित्राखाली ‘2015’ आणि पापलेटाखाली ‘2023’ एवढेच लिहिले. कोकणात फुलपाखरू काही 2015 साली आले नाही! ठरावीक वर्षी मिळालेला काहीतरी मान आहे, हे तिथे कळते आणि बाकीची उत्तरे आपोआप गळतात. तेव्हापासून माझा नियम असा: चित्रे ‘काय’ सांगतात, आणि एखादे साल किंवा आकडा ‘कोणत्या अर्थाने’ ते सांगतो. हे साल म्हणजे उत्तर फोडणे आहे, असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नका.

तपासणीही नीट करा. ज्याला दाखवाल त्याला ‘उत्तर काय?’ एवढेच विचारून थांबू नका. उत्तर आले की ‘आणखी काय असू शकेल?’ असे तीनदा विचारा. तिसऱ्या वेळी जे निघते तेच उद्या ग्रुपवर भांडण लावते.

यादी पूर्ण असेल तर तसे लिहा. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि नेमाडे हे मराठीतले चार ज्ञानपीठ विजेते. ‘यादी संपूर्ण’ एवढे दोन शब्द घातले की ‘मराठी लेखक’ हे ढोबळ उत्तर टिकत नाही.

शब्दफोडीच्या कोड्यांत अक्षरे मोजा. सातचा आकडा आणि तारा दाखवून ‘सातारा’ म्हणणे मला मान्य नाही, एक त जास्त होतो. नाग आणि पूर दाखवून नागपूर, हे चोख.

चित्र फोटो म्हणूनच पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेत तर फाइलचे नाव दिसते, आणि त्या नावातच उत्तर असते. उत्तरे पर्सनलवर मागवा. एकाने ग्रुपवर ओरडून सांगितले की बाकी सगळ्यांचा खेळ संपतो. चित्रावरून ते कशाचे आहे हे शोधून देणाऱ्या गूगल लेन्सला बंदी घाला, पण ओळखू येईल एवढे राखून चित्र कातरायलाही विसरू नका.

सोडवणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगतो. सगळ्यांत ओळखीच्या चित्रापासून सुरुवात करू नका. आंबा शेकडो गोष्टींशी जुळतो. जे चित्र सगळ्यांत परके वाटते तिथून सुरू करा. ताम्हण कोणी उगीच घालत नाही. दुसरा पर्याय नव्हता म्हणून ते तिथे आहे. ‘हे फूल कुठल्या यादीत येईल?’ असे विचारले की अर्धे कोडे सुटते. दोन चित्रांवरून धागा ठरवून तिसरे त्यात कोंबायचे, हा हट्ट सोडा. एक चित्र बसत नसेल तर धागाच चुकला आहे.

उत्तर जाहीर करताना प्रत्येक चित्राचे कारण लिहा. आणि एवढे करूनही एखादे दुसरे उत्तर सगळ्या चित्रांना आणि सालांना लागू पडले, तर त्याला पूर्ण गुण द्या आणि ग्रुपवर नावानिशी सांगा.