स्टेजवर गाणं हातचं सुटतं? रियाझातल्या या चुका टाळा

गणपती जवळ आले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मंडळांत गाणाऱ्या मुलांची नावं लिहून घेतात, आणि एकच तक्रार सुरू होते: "घरी छान होतं, स्टेजवर कॉन्फिडन्स जातो." जाणार कुठून? तो आलेलाच नसतो.

सर्वांत महागात पडते ती मोबाईलवरच्या तबल्याची सवय. ॲपची लय चढत नाही, उतरत नाही आणि मात्रेचा आकडा डोळ्यांसमोर असतो. एका मुलाने असाच यमन राग बसवला होता. सोळा मात्रांचा तीनताल, नवव्या मात्रेवरून उठणारी बंदिश (रागात बांधलेली रचना). कार्यक्रमात समोर हाडामांसाचे तबलजी. त्यांनी समेआधी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेआधी, लहानशी तिहाई (तीनदा वाजवलेला एकच तुकडा) घेतली आणि हा भलत्याच मात्रेवर सम समजून उतरला. मग गप्पच बसला. सम सगळ्यांचीच चुकते हो, गप्प बसायचं नसतं!

म्हणून आधी तबला बंद करून हाताने ताल द्या: १, ५, १३ वर टाळी, ९ वर खाली (टाळीऐवजी हात उलटा). बंदिशीचे दोन्ही भाग, स्थायी-अंतरा, दहा वेळा सलग, न चुकता. दहाव्यांदा चुकलात तरी मोजणी पुन्हा एकपासून. त्यानंतर तबलजींबरोबर निदान चार बैठका. एकीत त्यांना मुद्दाम लय चढवायला सांगा. तरीही सम हरवली तर सा धरून ठेवा आणि कान डग्ग्याकडे (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याकडे) लावा. दहाव्या मात्रेपासून त्याचा घुमारा जातो, चौदाव्याला परत येतो. तिथून १४, १५, १६ आणि सम. पुढच्या नवव्याला मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचला.

दुसरी खोड म्हणजे बंदिश कच्ची आणि आलापाची घाई. ग्वाल्हेर गायकीत बंदिश आधी पूर्ण मांडतात, विस्तार नंतर. नवख्याला याचा मोठा आधार आहे: सुरुवातीची मिनिटं, जेव्हा हात गार पडलेले असतात, तेव्हा नवीन काहीच सुचावं लागत नाही. पण बंदिशीचे शब्दच अडखळत असतील तर हा आधारही गेला. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली जिथे गायनाचं विद्यालय काढलं, त्या ग्वाल्हेरात "सहा महिन्यांत स्टेजवर" म्हणणारे पालक भेटतात, याला काय म्हणावं?

सपाट तान (सरळ चढणारी-उतरणारी) मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून दुगुनीत, म्हणजे ठोक्याला दोन स्वर, सुरू करा. पाच वेळा स्वच्छ आली तरच ६५.

पट्टी, म्हणजे तुमचा सा, घरी हार्मोनियमची काळी दोन तर स्टेजवरही काळी दोनच.

रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकू नका, सकाळी ऐका.

काकूंचं "गळा गोड आहे हो" हे आशीर्वादाच्या खात्यात जमा करा, तपासणीच्या नको.

कार्यक्रमाच्या दुपारी ताना घोटत बसू नका. वीस मिनिटं मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, खर्ज पुरे. आणि तानपुरा लावायला अर्धा तास आधी पोहोचा, माइकवाल्याची वाट पाहत बसू नका.