भूक की खा-खा? भुकेशी वागताना या चुका टाळा

रात्रीचे अकरा वाजलेत. जेवून दोन तासही झालेले नाहीत, पोट काही रिकामं नाही, आणि तरी आपण फ्रीजच्या उजेडात उभे. एक डबा उघडायचा, आत बघायचं, झाकण लावायचं. मग दुसरा. शेवटी पहिल्याच डब्यातलं उभ्या उभ्या खायचं. मी हे इतक्या वेळा केलंय की कुठल्या डब्याचं झाकण वाजतं आणि कुठलं वाजत नाही, हे मला पाठ आहे. दुसऱ्या दिवशीचं वाक्य ठरलेलं: "जिभेवर ताबाच नाही." उपायही ठरलेला: आज सकाळचं खाणं बंद.

यातलं निदान चुकलेलं आहे आणि उपाय त्याहून जास्त. भूक, तलफ, खा-खा, वखवख हे शब्द बोलताना आपण बरोबर जागी वापरतो. उपाय करायची वेळ आली की मात्र सगळ्यांना एकाच काठीने हाकतो. शरीरात यांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

चूक: भूक आणि तलफ यांत गल्लत

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. त्यात दोन प्रकारच्या चेतापेशी एकमेकींना लागून असतात. एजीआरपी पेशी 'खा' म्हणतात, पीओएमसी पेशी 'पुरे' म्हणतात. कुणाचं ऐकायचं ते बरंचसं रक्तातून येणाऱ्या निरोपांवर ठरतं. रिकाम्या जठरातून येणारा निरोप म्हणजे घ्रेलिन. १९९९ मध्ये मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी तो शोधला. जेवणाच्या वेळेआधी तो चढतो, जेवल्यावर उतरतो. २०११ मध्ये संशोधकांनी पोट भरलेल्या उंदरांच्या 'खा' पेशी प्रकाशाने चेतवून पाहिल्या. काही मिनिटांतच ते उंदीर अधाशासारखे खायला लागले. त्या उंदरांना कुणी मनोनिग्रहावर व्याख्यान दिलं असतं तर काय उपयोग होता?

तलफेचं खातं निराळं. तिथे कारभार डोपामिन या मेंदूतल्या रसायनाकडे असतो. केंट बेरिज या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून एक गमतीची गोष्ट पुढे आली. मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर अन्न समोर असूनही त्याकडे जाईनात. पण गोड पाणी जिभेवर सोडलं की मिटक्या मारल्यासारखे हावभाव पूर्वीसारखेच. म्हणजे 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिप्सच्या पाकिटातला तिसावा चिप पहिल्याइतका चवदार लागत नाही, तरी हात पाकिटात जातोच, याचं कारण इथे आहे.

दोघींतला फरक ओळखायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. स्वतःला विचारायचं, "आत्ता मीठ लावलेला उकडलेला बटाटा चालेल का?" चालत असेल तर ती भूक, सरळ बसून जेवा. "छे, चॉकलेटच हवं" असं उत्तर आलं तर ती तलफ. भूक हळूहळू चढते आणि फारसे नखरे करत नाही. तलफ एकदम येते आणि पदार्थाचं नाव घेऊन येते.

तलफेशी समोरासमोर झुंज घेणं ही त्याच चुकीची पुढची पायरी. पाकीट टेबलावर दिसेल असं ठेवायचं आणि "मी खाणार नाही" म्हणत बसायचं. डोपामिन पदार्थ खाण्याची वाट बघत नाही, त्याची खूण दिसली तरी जागं होतं. पाकिटाचा रंग, ते फाटल्याचा आवाज, रोजची सोफ्यावरची जागा, सगळ्या खुणाच. त्यामुळे वस्तू नजरेआड ठेवणं, आणि जमलं तर घरातच न आणणं, हे निग्रहापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तलफ आलीच तर जागेवरून उठा, पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या कामाला लागा. ती बहुधा ओसरते. घ्रेलिनचंही तसंच आहे. जेवणाची वेळ टळून गेली की न खाताही त्याची लाट खाली येते. 'भूक मेली' असं आपण म्हणतो ते उगाच नाही.

चूक: दिवसभर उपाशी राहून रात्रीची भरपाई

मेलेली भूक संध्याकाळी परत येते, आणि एकटी येत नाही. उपाशी मेंदूला तळलेलं आणि गोड जास्त मोहक दिसतं, कारण भुकेचे निरोप डोपामिनच्या वाटाही उघडतात. म्हणजे दुपारी वाचवलेलं जेवण रात्री भूक आणि तलफ दोघींना एकदम घेऊन दारात उभं.

अन्न दीर्घकाळ तोडलं की काय होतं, याचं सर्वात ठळक उदाहरण मिनेसोटा विद्यापीठातलं. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, अर्थात त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन उतरलंच, पण डोकंही अन्नाने व्यापलं. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे, ताटातला घास तासन्‌तास पुरवून खायचे. बंधनं उठल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी समाधान होईना. ही धडधाकट, स्वतःहून पुढे आलेली माणसं होती. आपण आठवडाभर कडक डाएट केल्यावर रविवारी सुटतो, ते याच गोष्टीचं छोटं रूप.

संध्याकाळी पाच-सहाला रोज खा-खा सुटत असेल तर पाच वाजताच्या मनाला दोष देण्याआधी दुपारचं ताट तपासा. त्यात प्रथिनं किती होती? चावावं लागेल असं, तंतू असलेलं काही होतं का? प्रथिनं आणि तंतू आतड्यातले 'पुरे' सांगणारे निरोप जास्त वेळ चालू ठेवतात.

चूक: दहा मिनिटांत ताट साफ, तेही स्क्रीनसमोर

हे 'पुरे'चे निरोप बरेच आहेत. अन्न लहान आतड्यात पोचलं की सीसीके नावाचं हॉर्मोन सुटतं, पुढे जीएलपी-१ आणि पीवायवाय. काही रक्तातून जातात, काही व्हेगस चेतेच्या तारेवरून थेट मेंदूच्या खोडाकडे. सगळं नीट पोचायला वीसेक मिनिटं लागतात. भराभर जेवणाऱ्याला दुसरी वाढ घेताना अजून निरोप मिळालेलाच नसतो.

२०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मेद, तंतू सारखेच. खायचं हवं तेवढं. अतिप्रक्रिया केलेलं अन्न लोक जास्त वेगाने खात होते आणि दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त घेत होते. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. पदार्थ मऊ असला, चावावा लागत नसला की निरोप मागे पडतो आणि घास पुढे.

स्क्रीनची गोष्ट वेगळी आहे, आणि ती मला जास्त चक्रावणारी वाटते. १९९८ मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृती गेलेल्या दोन रुग्णांना जेवण दिलं, ताट उचललं आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरं जेवण पुढे ठेवलं. ते त्यांनी खाल्लं. बहुतेक वेळा तिसऱ्यालाही सुरुवात केली. जेवल्याची आठवण नसेल तर भरलेलं पोटही माणसाला नीट थांबवत नाही. मालिका बघत जेवताना आपण ही आठवणच पुसट करून ठेवतो, मग दोन तासांनी फ्रीज. म्हणून निदान दिवसातलं एक जेवण ताटाकडे बघत करा.

चूक: झोपेचा हिशेब न धरणं

२००४ मध्ये शिकागोत १२ तरुणांवर झालेल्या प्रयोगात दोन रात्री अंथरुणात फक्त चार-चार तास मिळाल्यावर घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आणि लेप्टिन, म्हणजे चरबीकडून येणारा 'पुरे'चा निरोप, १८ टक्क्यांनी कमी दिसलं. तुलना होती दहा-दहा तास मिळालेल्या रात्रींशी. नंतरच्या प्रयोगांत हॉर्मोनचे आकडे दर वेळी असे आले नाहीत, पण झोप तुटली की माणूस जास्त खातो, हे पुन्हा पुन्हा दिसलं. जागरणानंतरच्या दिवशी डाएट सुरू करू नका, एवढंच.

चूक: पिण्यातल्या कॅलरी न मोजणं

सरबत, ज्यूस, कोल्ड्रिंक पोटातून लवकर सरकतं, आणि मेंदू ते पुढच्या जेवणातून पुरेसं वजा करत नाही. फळ खा, त्याचा रस नको.

चूक: "शरीर मागतंय, म्हणजे काहीतरी कमी असणार"

चॉकलेट हवंसं वाटलं की मॅग्नेशियम कमी, ही समजूत फार पसरलेली आहे. तसं असतं तर पालक आणि भोपळ्याच्या बियांची तलफ आली असती, त्यांत मॅग्नेशियम भरपूर असतं. तलफ बहुधा सवयीची आणि गोड-मेदाच्या मिश्रणाची असते. पाळीच्या आधीच्या दिवसांत भूक आणि गोडाची ओढ वाढणं नेहमीचं आहे, त्याला कमतरतेची गरज नाही. एक अपवाद लक्षात ठेवा. बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह तपासून घ्या.

चूक: वजन उतरल्यावर वाढलेल्या भुकेला दुबळेपणा म्हणणं

लेप्टिन १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. चरबीच्या पेशी ते सोडतात. तेव्हा वाटलं, लठ्ठपणावरचं इंजेक्शन मिळालं. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मोजक्या मुलांना त्याने खरोखर नवं आयुष्य दिलं. इतरांत ते फसलं, कारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं आणि मेंदू त्याकडे काणाडोळा करायला शिकलेला असतो. ते घटलं तर मात्र मेंदू लगेच दखल घेतो: साठा संपतोय, खायला लागा.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहाराने वजन उतरवलेल्यांना वर्षभराने तपासलं. घ्रेलिन सुरुवातीपेक्षा अजूनही चढलेलं, लेप्टिन अजूनही पडलेलं, आणि भूकही जास्त. तेव्हा आठ किलो उतरवल्यावर सहाव्या महिन्यात भूक भडकली तर ते अपेक्षितच आहे. वेग कमी ठेवा, प्रथिनं सोडू नका, आणि वजन उतरलं म्हणून जुनं ताट परत मांडू नका. जीएलपी-१ सारखी काम करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं इथेच उपयोगी पडतात. आपलं स्वतःचं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं मोडून जातं, सेमाग्लुटाइडला निम्मं व्हायला आठवडा लागतो. पण ती बंद केली की भूक परततेच, आणि बरंचसं वजनही, म्हणून ती मनाने सुरू किंवा बंद करू नयेत.

हे सगळं सांभाळूनही भूक आवरत नसेल तर औषधांची यादी काढा. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची ओलान्झापिनसारखी काही औषधं भूक उघडउघड वाढवतात. गोळ्या परस्पर थांबवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. भरपूर खाऊनही वजन घटत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, छाती धडधडत असेल तर साखर आणि थायरॉइड तपासायला उशीर नको. आणि खाणं लपवून होत असेल, थांबवूनही थांबत नसेल, नंतर उलटी काढावीशी वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.