आकाशातून जळत पडणारं नेमकं काय आहे ते व्हिडिओवरून कसं ओळखायचं

रात्रीच्या आकाशातून पांढरे ठिपके खाली येतायत असा कुठलाही व्हिडिओ आपल्या मुंबईच्या ग्रुपांवर आला की खाली एकच ओळ असते, "फॉस्फरस बॉम्ब टाकला". मग तो गाझाचा असो, युक्रेनचा असो नाहीतर चक्क व्हिडिओ गेममधला. आर्मा ३ बनवणाऱ्या कंपनीला २०२२ साली जाहीर सांगावं लागलं होतं की आमच्या गेमच्या क्लिपा खऱ्या युद्धाच्या म्हणून फिरवल्या जातायत. आपल्याकडे कुणाचा पोरगा मर्चंट नेव्हीत असतो, कुणाचे बेने इस्रायल नातेवाईक इस्रायलमधल्या अश्दोदला असतात, अशा घरांत एका चुकीच्या कॅप्शनने रात्रभर झोप उडते. आणि त्याहून वाईट म्हणजे दहा वेळा खोटा फॉस्फरस दाखवला की अकराव्या वेळी जिथे खरंच लोक भाजलेत तिथलाही पुरावा लोक झटकून टाकतात.

आधी आवाज बंद करा, कॅप्शन विसरा, स्पीड कमी करा आणि फक्त पडायची पद्धत बघा. रंगावर जाऊ नका, मोबाईलच्या कॅमेऱ्यात रात्री सगळंच पांढरं दिसतं.

पांढरा फॉस्फरस. अशा व्हिडिओंत बऱ्याचदा दिसणारा गोळा म्हणजे १५५ मिमी तोफेचा अमेरिकन बनावटीचा एम८२५ए१. तो हवेत उघडतो आणि फॉस्फरसमध्ये भिजवलेले फेल्टचे (दाबून केलेल्या जाड कापडाचे) ११६ तुकडे बाहेर टाकतो, ते साधारण १२५ ते २५० मीटर व्यासात पसरतात. फॉस्फरसला काडी लागत नाही, हवा लागली की ३० अंशाच्या आसपास तो आपोआप पेटतो, म्हणून धूर जमिनीवर नाही तर वरच, गोळा उघडतो तिथूनच सुरू होतो. दिवसाच्या व्हिडिओत पॉज करा आणि धुराचे जाड पांढरे पट्टे उलटे मागे वर न्या, सगळे एकाच बिंदूला जाऊन मिळतात का बघा, आणि प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या टोकाला एक जळता तुकडा आहे का तेही बघा. दोन्ही असेल तर फॉस्फरसची शक्यता दाट आहे. ऑक्टोबर २०२३ मधले गाझा बंदराचे आणि दक्षिण लेबनॉनचे व्हिडिओ ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने तपासले त्यात हाच आकार होता.

जुन्या पद्धतीचे फॉस्फरस गोळे आदळल्यावर फुटतात, त्यात वरचे पट्टे नसतात, जमिनीवर पांढरा ढग होतो आणि तो गरम असल्यामुळे खांबासारखा सरळ वर चढतो.

ग्रॅडचं थर्माइट. युक्रेनमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच झाला. ग्रॅड म्हणजे गाडीवरून एकामागोमाग सोडायची १२२ मिमी रॉकेटं, त्यांचा ९एम२२एस हा आग लावणारा प्रकार आहे, त्याच्या एका रॉकेटमध्ये मॅग्नेशियम मिश्रधातूचे षटकोनी १८० तुकडे असतात, आत थर्माइट, म्हणजे प्रचंड तापून जळणारं धातूच्या भुकटीचं मिश्रण. एका गाडीवर ४० नळ्या, सगळ्या सोडल्या तर ७२०० तुकडे, म्हणजे अख्ख्या शहरावर फुलबाज्या पेटवून ओतल्यासारखं दिसतं. फरक धुरात आहे. डोळे दिपवणारा उजेड पण जाड पांढरा धूर जवळजवळ नाही, तुकडे हळू, पडद्यासारखे उतरतात आणि जमिनीवर पडल्यावरही जळत राहतात. लोक याला बिनधास्त फॉस्फरस म्हणतात. भाजणाऱ्याला दोन्ही तितकंच भयंकर आहे, पण पदार्थ वेगळा, शस्त्र वेगळं आणि कायद्यातली जागाही वेगळी.

बाकीचे पटकन. एकच किंवा मोजके दिवे, पॅराशूटला लटकलेले, डुलत डुलत मिनिट-दोन मिनिटं उतरतात ते खालचा भाग उजळायला सोडलेले उजेडाचे गोळे. विमानातून रांगेत सुटून काही सेकंदांत विझतात ते मिसाईल चुकवायचे फ्लेअर. साध्या स्मोक शेलमधून डबे खाली पडतात आणि धूर जमिनीवरून, वेगवेगळ्या जागांहून निघतो, हवेत जळते पट्टे नसतात.

आता जमिनीवरचे फोटो, कारण व्हिडिओ फसवतो पण लोखंड सहसा फसवत नाही. स्फोटक गोळ्याचे धारदार तुकडे होतात. धुराचा, उजेडाचा किंवा क्लस्टरचा (आत छोटे बॉम्ब भरलेला) गोळा मात्र आतला माल बाहेर सोडतो म्हणून त्याचं नळकांडं बऱ्याचदा जवळजवळ अख्खं सापडतं, बूड उघडं. असं नळकांडं दिसलं म्हणजे फॉस्फरसच असं नाही, पुढे रंग आणि अक्षरं वाचा. अमेरिकन पद्धतीत फॉस्फरसचा गोळा फिका हिरवा, त्यावर पिवळा पट्टा आणि लाल अक्षरं. फिक्या हिरव्यावर काळी अक्षरं असतील तर साधा धूर. डी५२८ हा कोड दिसला तर झूम करून जपून ठेवा, तो अमेरिकन सैन्याचा फॉस्फरस गोळ्याचा कोड आहे, २०२३ मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने तोच धरून गोळे ओळखले. रशियन रंग वेगळे, तिथे हा नियम लावू नका.

तिथे कुणी ओळखीचं असेल तर त्याला फोटोसाठी जवळ पाठवू नका. फेल्टचा तुकडा वरून काळपट, विझलेला दिसतो, पायाने ढकलला की आतला फॉस्फरस हवा लागून परत पेटतो. अंगावर पडलाच तर जागा पाण्याने सतत ओली ठेवायची, तेलकट मलम लावायचं नाही, कारण फॉस्फरस तेलात विरघळतो आणि आत शिरतो, आणि लगेच हॉस्पिटल गाठायचं.

वेळेचंही बघा. व्हॉट्सॲपवर आपल्याला दिसते ती मेसेज आल्याची मुंबईची वेळ. कीव्ह आणि गाझा उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन. ओरिजिनल फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर कॉम्प्रेस होऊन धुराचे पट्टेच पुसट होतात.

कॅप्शनमध्ये जे दिसतं तेवढंच लिहा, कारण युद्धातल्या शस्त्रांविषयीच्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारातला तिसरा प्रोटोकॉल, जो भारतालाही लागू आहे, आग लावायलाच बनवलेल्या शस्त्रांवर बंधनं घालतो पण धूर किंवा उजेडासाठी बनवलेल्या गोळ्यांना त्या व्याख्येतून सोडतो, आणि फॉस्फरस वापरणारे नेमकी हीच पळवाट पुढे करतात. म्हणून "रासायनिक हल्ला" लिहिण्यापेक्षा असं लिहा: दिवसा, हवेत उघडलेला गोळा, एका बिंदूपासून पांढरे पट्टे, पांढरा फॉस्फरस असण्याची दाट शक्यता, खाली घरं दिसतायत.