खुडूक कोंबडी रवणीला बसवण्याआधी: पितृपक्षापासून संक्रांतीपर्यंत परसातल्या कोंबड्यांची काळजी

परतीचा पाऊस ओसरू लागला की परसातल्या दोन-चार कोंबड्या हमखास खुडूक होतात, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसू पाहतात. पिसं फुलवून टोपलीत ठाण मांडतात, हात घातला की टोचतात. मग घरात विषय निघतो, रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची का हिला? जरूर बसवा. गावरान कोंबडीला पिल्लं काढायला यापेक्षा चांगला हंगाम नाही. कार्तिकात निघालेले नर चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुमारास विक्रीला येतात, तेव्हा गावरान कोंबड्याला वर्षातला चांगला भाव असतो. फक्त आज खुडूक झाली म्हणून आजच अंडी घालू नका. आधी पंधरा-वीस दिवस तिच्या अंगावर आणि खुराड्यावर काम करा.

कारण साधं आहे. चार महिन्यांच्या ओलीनंतर कोंबडीच्या पोटात जंत, पिसांत उवा आणि खुराड्याच्या फटींत गोचीड असतात. अशी कोंबडी एकवीस दिवस एका जागी बसली की किड्यांची चंगळ होते. ती खंगते, मधेच उठून जाते, अंडी गार पडतात. आणि निभावून नेलंच, तर डोक्यावरच्या उवा पहिल्याच दिवशी पिल्लांच्या डोक्यावर चढतात. पिल्लं मान टाकून बसतात, सुकत जातात, आणि आपण म्हणतो "रोग आला". माझ्या मते परसातली निम्मी मरतूक अशी टाळता येण्यासारखी असते, पण लस विचारायला दहा जण येतात आणि उवांचं विचारायला कोणी येत नाही.

पितृपक्षात काय करायचं

घटस्थापनेआधी घर झाडून-पुसून काढतोच, त्यातच खुराडं धरा. या काळात बऱ्याच घरांत अंडं खात नाहीत, म्हणून जंताचं औषधही याच पंधरवड्यात उरकावं. औषध दिल्यानंतर लेबलवर सांगितलेले दिवस अंडी खायची नसतात, उबवायलाही ठेवायची नसतात. ते दिवस असेच निघून जातात आणि कोणाच्या ताटावर गदा येत नाही.

जंत आहेत की नाही हे हाताला कळतं. कोंबडी उचला आणि छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंचं मांस उतरून हाड धारेसारखं लागत असेल, तुरा फिका असेल, तर शंका घ्या. विष्ठेत तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. दुकानात "जंताचं औषध द्या" म्हटलं की बहुतेकदा पिपराझिन हातात पडतं. ते गोल जंतावर चालतं, पट्टकृमीवर चालत नाही. त्यामुळे चिमूटभर विष्ठा कागदात बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि तिथून औषध व मात्रा लिहून घ्या. पट्टकृमी मुंग्या, माश्या आणि शेणातले भुंगे खाऊन पोटात जातो. उकिरडा खुराड्याला लागून असेल तर औषध कितीही द्या, महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तेच.

आता उवा. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर एकेक काढा, बॅटरीच्या उजेडात शेपटीखाली गुदद्वाराजवळची पिसं फुंकर मारून बाजूला करा. कातडीवर पिवळसर, चपटे किडे झपाझप पळताना दिसतील. पिसांच्या बुडाशी मिठाचा चुरा चिकटून घट्ट झाल्यासारखे पांढरट गठ्ठे दिसले तर ती त्यांची अंडी. कोणतीही पावडर या अंड्यांवर फारशी चालत नाही, आणि ती आठवडाभरात फुटतात. म्हणून पावडर एकदा लावून भागत नाही, दहा दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो. पहिला हात घटस्थापनेच्या आधी दिला तर दुसरा दसऱ्याला येतो. लक्षात ठेवायला याहून सोपं काय असणार.

पावडर किंवा फवारा पशुवैद्यकाने सांगितलेलाच वापरा. कपाशीवर, भाजीवर मारून उरलेलं औषध कोंबडीच्या अंगाला लावू नका. कोंबडी मरते, नाहीतर अंड्यातून ते आपल्याच पोटात येतं. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरं, पण ती डोळ्यात गेली तर माणसाच्या बुबुळालाही इजा होते. लहान मुलांच्या घरात ती नकोच.

रोजच्या बंदोबस्ताला कोंबडीला तिची धूळ-अंघोळ करू द्या. पावसाळाभर तिला कोरडी माती मिळालेली नसते. पत्र्याखाली किंवा ओसरीच्या कडेला दोन फूट रुंद, वीतभर खोल खड्डा करून त्यात बारीक कोरडी माती, चाळलेली लाकडाची राख आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा घाला. तासाभरात कोंबड्या रांग लावतील. जुनी उवांची धाड याने जात नाही, पण नवी बसू देत नाही.

पायाची खवलं उचललेली, पांढरट खडबडीत दिसत असतील तर त्यात पायाच्या खरजेचे किडे आहेत. पाय कोमट साबणपाण्यात भिजवून, जुन्या दात घासायच्या ब्रशने हलकेच घासून करंजेल किंवा खोबरेल चोपडा. तीन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा, महिनाभर. खवलं ओढून काढू नका, रक्त येतं.

खुराड्यातला शत्रू

उवा अंगावर राहतात. गोचीड आणि बारीक लाल किडे मात्र दिवसा खुराड्यात लपतात आणि रात्री कोंबडीवर चढतात. म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. रात्री बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर लाल ठिपके उमटले तर किडे आहेत. गोचीड शोधायला लाकडाच्या सांध्यात, भिंतीच्या भेगांत खिळा घालून उकरा. चपटे, मातकट रंगाचे किडे बाहेर पडतात, रक्त प्यालेले असतील तर निळसर काळे.

कोंबडीचा हा गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे "खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं होतं" याचा काही उपयोग नसतो. त्याच्या चाव्यातून एक ताप येतो. कोंबडी पेंगते, हिरवी हगते, पायातलं बळ जाते. लक्षणं मानमोडीसारखी (राणीखेत रोगासारखी) वाटतात, म्हणून लोक हात टेकतात. मानमोडीवर औषध नाही, या तापावर मात्र वेळेत पेनिसिलिन मिळालं तर कोंबडी वाचते. हिरवी हगवण दिसली की खुराड्याच्या फटीही बघा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

ऑक्टोबरचं ऊन आपल्या कामी येतं. खुराडं उचलण्यासारखं असेल तर कोंबड्या बाहेर काढून ते दिवसभर उन्हात उलटं टाका. जुनं तूस काढून शेणखताच्या खड्ड्यात लांब टाका. फटी सिमेंटने किंवा डांबराने बुजवा, शेणामातीने नको, ती वाळली की पुन्हा भेगा पडतात. मग आतून-बाहेरून चुन्याचा हात द्या. फवारणी करायची असेल तर चुन्याआधी करा आणि खुराडं पूर्ण वाळेपर्यंत कोंबडी आत सोडू नका.

नवं खुराडं करणार असाल तर जमिनीपासून दोन फूट उंच, चार पायांवर करा. पायांना जळकं ऑइल लावलं की मुंग्या आणि गोचीड दोन्ही अडतात. तळाला बांबूच्या पट्ट्या बोटभर अंतर ठेवून ठोका, म्हणजे विष्ठा खाली पडेल. रात्रीपुरत्या निवाऱ्याला मोठ्या कोंबडीमागे एक-सव्वा चौरस फूट जागा पुरते. बसायची दांडी साधारण दोन इंच जाड, कडा गोल केलेली असावी. कोंबडीजाळीपेक्षा वेल्डमेश, म्हणजे सांधे जोडलेली कडक तारेची जाळी, घ्या. मुंगूस आणि रानमांजर कोंबडीजाळी वाकवून पंजा आत घालतात, आणि सकाळी आपल्याला नुसती पिसं सापडतात.

कोजागरीला अंडी

बसवायचा दिवस म्हणून मी कोजागरी सुचवतो. दसऱ्याला बसवली तर पिल्लं बरोब्बर दिवाळीच्या पाडव्याच्या आगेमागे फुटतात. शेवटचे तीन दिवस कोंबडीला हात लावायचा नसतो, नेमके तेच दिवस फटाक्यांचे. सुतळी बॉम्ब वाजला की कोंबडी टोपली सोडते, कधी फुटत आलेलं अंडं तिच्याच पायाखाली जातं. कोजागरीला बसवली तर पिल्लं भाऊबीज उलटल्यावर येतात. फटाक्यांच्या दिवसांत तेव्हाही ती अंड्यांवरच असते, म्हणून टोपली पडवीत न ठेवता आतल्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.

नवरात्रात साठलेली सगळी अंडी घालायचा मोह आवरा. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं उबवणीत मागे पडतं, दहा दिवसांपुढे तर फारसं काही निघत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात घरातल्या फळीवर ठेवलेलं अंडं आतून अर्धवट जागं होतं आणि मरतं. म्हणून रोजच्या अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला, ती माठाजवळच्या थंड जागेत कोरड्या टोपलीत ठेवा, जाड टोक वर. फ्रिजमधलं अंडं नको, ते फार गार असतं. अंडी धुऊ नका, मळलेली बाजूला काढा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला नर असला तर अंडी फलित निघतात.

एका गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी, जास्त नको. कडेची अंडी उघडी पडली की सगळ्याच अंड्यांची ऊब बिघडते. टोपलीच्या तळाला थोडी माती, वर राख, त्यावर वाळलेला निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला आणि मऊ गवत. कोंबडी रात्री बसवा, दिवसा बसवलेली पळते. काही घरांत गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवतात. ठेवा, बिघडत काही नाही.

दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, हगून येते. तेवढ्यात जवळच ज्वारी-मक्याचे दाणे आणि पाणी मिळालं पाहिजे. सातव्या दिवशी रात्री अंडं मोबाइलच्या बॅटरीवर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते चालू आहे, स्वच्छ पिवळं दिसलं तर रिकामं, रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर आतला जीव गेलेला. ही दोन्ही काढून टाका, नाहीतर नासलेलं अंडं फुटून सगळी टोपली खराब होते. अठराव्या दिवसानंतर काही बघू नका. हवा फार कोरडी असेल तर टोपलीभोवतीची जमीन थोडी ओली करा, एवढंच.

गिरिराज, वनराज अशा सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्यांच्या घरच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आईबापांच्या तोलाची निघत नाहीत. ती जात हवी असेल तर पशुसंवर्धन खात्याच्या अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणा आणि आपल्या कोंबडीची पिल्लं फुटतात त्याच रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी ती सगळ्यांना आपलंच मानते.

आईविना आणलेल्या पिल्लांना पहिला आठवडा 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. पिल्लामागे दोन वॅट या हिशोबाने बल्ब लावा आणि पिल्लांकडे बघत राहा. बल्बखाली गोळा झाली तर गार, लांब पळाली तर गरम. विदर्भात आणि निफाडकडे नोव्हेंबरची पहाट बोचरी असते, तिथे गोणपाटाचा आडोसा लावा. शेगडी ठेवायची झाली तर खोली बंद करू नका, धुराने पिल्लं जातात.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवणीची भीती. तिचे जंतू ओल्या तुसात एक-दोन दिवसांत तयार होतात, फिनाइलला दाद देत नाहीत, कोरडेपणाला देतात. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज उचला. रक्त दिसलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पाण्यातून ॲम्प्रोलियम. ते चालू असताना बी-जीवनसत्त्वाचं टॉनिक देऊ नका, एकमेकांचा गुण मारतात.

हिवाळ्यात एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मेलेल्या ओढ्यात फेकू नका, विकू नका, कापून खाऊ नका. 2006 साली नवापूरला आणि 2021 साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू असाच मरतुकीतून कळला होता. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या क्रमांकावर लगेच कळवा.

लसींचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा, एक थेंब डोळ्यात, महिन्याभराची झाली की पुन्हा. गंबोरो रोगाची साधारण चौदाव्या दिवशी, देवीची सहा-सात आठवड्यांनी. आठव्या आठवड्यात, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, मानमोडीच्याच आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. हे लासोटा न दिलेल्या किंवा लहान पिल्लांना टोचू नका, लसच त्यांचा जीव घेते. कुपी बहुधा 100 मात्रांची येते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही, म्हणून लोक लस टाळतात आणि एका घरातली मानमोडी सगळ्या आळीत फिरते. आळीतल्या सात-आठ घरांनी वर्गणी काढून एक दिवस ठरवा, बर्फाचा थर्मास बरोबर ठेवा आणि भल्या पहाटे, खुराडी उघडायच्या आत टोचून घ्या. एकदा कोंबड्या परसात सुटल्या की त्या धरण्यातच ते दोन तास जातात.